प्रेसिडेंट प्रयोगशाळेत जात नाही, मग तो करतो काय?

प्रश्न: अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या प्रेसिडेंटपदी नावाजलेला अभियंता-संशोधक आला की 'आता संशोधनाला नवी दिशा' अशा बातम्या येतात. पण प्रेसिडेंट प्रयोग करत नाही, पेपर लिहीत नाही, वर्गावर जात नाही. मग त्याच्या नेतृत्वाने इंजिनिअरिंगच्या संशोधनात आणि शिक्षणात नेमका काय फरक पडतो? माझ्या भाच्याला तिकडच्या दोन विद्यापीठांतून पीएचडीची ऑफर आहे. त्यातल्या एका ठिकाणी असंच एक मोठं नाव नुकतंच प्रेसिडेंट झालंय. त्याने ते धरून निर्णय घ्यावा का?

उत्तर:

भाच्याकडे शेवटी येतो. आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. अमेरिकेतल्या एका राज्य विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी बावीस वर्षं शिकवतोय. त्यातली सात वर्षं संशोधनाचा असोसिएट डीन होतो. हे पद म्हणजे घरातला मधला भाऊ. वरच्यांचे निरोप खाली न्यायचे, खालच्यांची रड वर पोचवायची आणि दोन्हीकडून बोलणी खायची. त्या निमित्ताने तीन प्रेसिडेंट जवळून पाहिले. दोघांचं नाव आजही निघतं, एकाचं फक्त इमारतीवर आहे.

आपल्याकडचा कुलगुरू डोळ्यांसमोर ठेवून अमेरिकेतला प्रेसिडेंट समजत नाही. त्याला विश्वस्त मंडळ नेमतं आणि तेच घरी पाठवू शकतं. शिक्षण-संशोधनाचा रोजचा गाडा प्रोव्होस्ट ओढतो, त्याच्याखाली डीन, त्याच्याखाली विभागप्रमुख. आणि टेन्युअर, म्हणजे कायमची नोकरी, मिळालेल्या प्राध्यापकाला 'तू हे संशोधन कर' असं यातलं कुणीही सांगू शकत नाही. तो आपल्या लॅबपुरता संस्थानिक असतो. म्हणजे प्रेसिडेंटच्या हातात उरतं ते एवढंच: कोणाला नेमायचं, हाताशी असलेला मोकळा पैसा कुठे टाकायचा, चौरस फूट कुणाला द्यायचे, आणि कुठल्या भानगडीत स्वतःची मान अडकवायची. रुक्ष कामं आहेत. पण संशोधन वर येतं किंवा बसतं ते इथेच.

एक प्रसंग सांगतो. आम्हाला क्लीनरूमसाठी, म्हणजे धुळीचा कणही चालत नाही अशा प्रयोगशाळेसाठी, इलेक्ट्रॉन-बीम लिथोग्राफीचं यंत्र घ्यायचं होतं. किंमत तीस लाख डॉलरच्या आसपास. सिलिकॉनच्या चकतीवर हे यंत्र काही नॅनोमीटर रुंदीच्या रेषा काढतं, त्यामुळे शेजारची लिफ्ट हलली तरी त्याला खपत नाही. आम्ही चाळीस पानांचा प्रस्ताव केला. कोण वापरणार, खाली काँक्रीटचा ठोकळा किती जाडीचा, खोलीतलं चुंबकीय क्षेत्र किती, सगळं मोजून मापून. त्या वेळचे प्रेसिडेंट मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर. भेट वीस मिनिटांची. त्यांनी प्रस्ताव मागून उघडला, बजेटच्या पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, "सर्व्हिस काँट्रॅक्ट कोण भरणार?"

कुणी बोलेना. असल्या यंत्राच्या देखभालीचा करार वर्षाला किमतीच्या आठ-दहा टक्क्यांना पडतो. म्हणजे दहा-बारा वर्षांत यंत्राइतकाच पैसा पुन्हा. ग्रँटमधून यंत्र मिळतं, ते चालू ठेवायचा खर्च सहसा कुणी देत नाही. प्राध्यापक म्हणत होते डीन बघेल. डीन म्हणत होते वापराच्या तासाच्या दरातून निघेल. तो दर तसा लावला असता तर एकाही विद्यार्थ्याला यंत्र परवडलं नसतं. प्रेसिडेंटनी नकार दिला नाही. पहिली पाच वर्षं निम्मा खर्च स्वतःच्या निधीतून द्यायचं कबूल केलं आणि टेक्निशियनच्या दोन कायम जागा मंजूर केल्या. "माणूस नसेल तर यंत्रही मागू नका," एवढं म्हणून पुढच्या बैठकीला गेले.

त्याच इमारतीच्या तळघरात त्यांच्या आधीच्या प्रेसिडेंटच्या काळातलं एक महागडं यंत्र प्लास्टिकखाली धूळ खात पडलं होतं. त्याची फीत कापतानाचा फोटो मात्र जिन्याच्या भिंतीवर अजून आहे. माझ्या लेखी 'इंजिनिअर प्रेसिडेंट'चा उपयोग हा असा असतो. त्याला संशोधनाची दिशा इतरांपेक्षा जास्त कळते असं नाही. पण यंत्र बंद कशामुळे पडतं हे त्याने स्वतः भोगलेलं असतं.

आता माणसं नेमण्याबद्दल. इथे एमआयटीचा इतिहास बघण्यासारखा आहे. १९३० साली कार्ल कॉम्प्टन तिथे प्रेसिडेंट झाले. ते अभियंता नव्हते. प्रिन्स्टनमधले भौतिकशास्त्रज्ञ होते. त्या काळी एमआयटी म्हणजे उद्योगांना लागणारे अभियंते घडवणारी पक्की व्यवहारी संस्था, आणि भौतिकशास्त्र तिथे बरंचसं अभियंत्यांना शिकवण्यापुरतं. कॉम्प्टननी मूलभूत विज्ञानाला बरोबरीच्या पाटावर बसवलं. हार्वर्डमधून जॉन स्लेटर यांना आणून भौतिकशास्त्र विभाग त्यांच्या हाती दिला. १९३२ मध्ये संस्थेची रचना बदलली आणि व्हॅनेव्हार बुश यांना व्हाइस प्रेसिडेंट आणि इंजिनिअरिंगचे डीन केलं. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात या सगळ्याची बातमी झाली असेल तर ती चार ओळींची. मग १९४० साली मायक्रोवेव्ह रडारचं काम तातडीने कुठेतरी उभं करायची वेळ आली, तेव्हा रेडिएशन लॅबोरेटरी एमआयटीत उघडली आणि युद्ध संपेपर्यंत तिथे सुमारे चार हजार माणसं काम करत होती. भौतिकशास्त्रज्ञ आणि अभियंते एका छताखाली, एकमेकांची भाषा समजणारे. ही भाषा दहा वर्षं आधी शिकवून ठेवली नसती तर नुसती जागा आणि पैसा देऊन भागलं नसतं, असं मला वाटतं. बुश पुढे वॉशिंग्टनला गेले. त्यांनी १९४५ मध्ये दिलेल्या अहवालातून विद्यापीठांतल्या संशोधनाला सरकारने पैसा द्यायचा हा विचार रुजला आणि १९५० मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशन, म्हणजे एनएसएफ, उभं राहिलं.

स्टॅनफर्डची गोष्ट याहून मजेची, कारण तिथला प्रेसिडेंट इतिहासाचा माणूस. वॉलेस स्टर्लिंग १९४९ ते १९६८ प्रेसिडेंट होते. इंजिनिअरिंगचे डीन होते फ्रेडरिक टर्मन, बुश यांचेच विद्यार्थी. एचपी कंपनी काढणाऱ्या ह्यूलेट आणि पॅकार्ड या दोघांचे शिक्षक. १९५५ मध्ये स्टर्लिंगनी टर्मनना प्रोव्होस्ट केलं आणि दहा वर्षं त्यांच्या पाठीशी उभे राहिले. टर्मनचं धोरण सरळ होतं. सगळे विभाग थोडे थोडे उंचावत बसायचं नाही. मोजक्या विषयांत मनोरे उभे करायचे, तिथे उत्तमातली उत्तम माणसं आणायची, आणि प्राध्यापकांच्या पगाराचा काही भाग संशोधनाच्या करारांतून काढून त्याच पैशात आणखी माणसं नेमायची. सिलिकॉन व्हॅलीचं श्रेय टर्मनना मिळतं, आणि ते बरोबरच आहे. पण ज्या विभागांना बाहेरून पैसा मिळत नव्हता ते धुसफुसत होते. त्यांचा राग अंगावर घेणारा माणूस वर बसला होता. हे काम कुठल्याही पुरस्काराच्या मानपत्रात येत नाही. आपल्यापेक्षा हुशार माणसाला अधिकार देऊन वर त्याच्यासाठी शिव्या खाणं हे मी पाहिलेल्या तीनपैकी एकालाच जमलं.

म्हणून प्रेसिडेंट अभियंता आहे की नाही यावरून मी फारसं काही ठरवत नाही. त्याचा प्रोव्होस्ट कोण आणि त्याने पहिल्या दोन वर्षांत कुठले डीन बदलले, हे बघतो.

पैशाबद्दल बाहेर मोठा गैरसमज आहे. ग्रँट मिळाली म्हणजे विद्यापीठाची कमाई झाली, असं लोकांना वाटतं. प्राध्यापकाच्या प्रकल्पाला शंभर डॉलर मिळाले तर त्यावर ठरलेल्या दराने ओव्हरहेड मिळतो. इमारत, वीज, रसायनांची विल्हेवाट, हिशेबनीस, सुरक्षा तपासणी हे सगळं त्यात बसवायचं. दर पन्नास-पंचावन्न टक्के ऐकून लोकांचे डोळे पांढरे होतात, पण सगळं धरून खर्च भागत नाही तो नाहीच. अमेरिकन विद्यापीठांतल्या एकूण संशोधन खर्चाचा जवळपास चौथा हिस्सा विद्यापीठं स्वतःच्या खिशातून घालतात. ही पदरमोड कुठल्या विभागासाठी करायची, ही प्रेसिडेंटची खरी ताकद. नव्या असिस्टंट प्रोफेसरला लॅब उभी करायला स्टार्टअप पॅकेज लागतं. प्रायोगिक विषयात ते सहज दहा लाख डॉलरच्या घरात जातं. एक माणूस बॅटरीवर काम करणारा आणि दुसरा पुलांच्या भूकंपरोधक रचनेवर, आणि पैसा एकालाच पुरेल एवढा. अशा वेळी 'आमच्या विद्यापीठाचं व्हिजन' वगैरे शब्द कामाला येत नाहीत.

हाच पैसा गळ्याशीही येतो. १९९१ मध्ये स्टॅनफर्डच्या ओव्हरहेडच्या हिशेबात एका नौकेचा घसारा निघाला, आणि प्रेसिडेंटच्या निवासस्थानाचे काही खर्चही. अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे उलटतपासणी झाली. प्रेसिडेंट डोनाल्ड केनेडी हे उत्तम जीवशास्त्रज्ञ आणि आवडते शिक्षक, पण त्यांनी राजीनामा जाहीर केला. स्टॅनफर्डचा दर सत्तरच्या पुढून पंचावन्नच्या आसपास आला आणि देशभरातल्या विद्यापीठांच्या प्रशासकीय ओव्हरहेडवर २६ टक्क्यांची मर्यादा बसली. तेव्हापासून प्रत्येक प्रेसिडेंट हिशेबनिसाला जरा जास्त मान देतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनआयएचने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेने, ओव्हरहेड सरसकट १५ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं तेव्हा विद्यापीठांनी कोर्टात धाव घेतली. त्या दोन आठवड्यांत आमच्या प्रेसिडेंटच्या कार्यालयातले दिवे रात्री दहालाही चालू दिसायचे. त्यांना संशोधनातलं काही ठरवायचं नव्हतं. कुठल्या लॅबमधल्या पोस्टडॉकचा, म्हणजे पीएचडीनंतर तात्पुरत्या नेमणुकीवर असलेल्या संशोधकाचा, पगार जूननंतर कुठून द्यायचा, याचे तक्ते चालले होते.

मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवून गेलेले प्रेसिडेंट म्हणजे चार्ल्स व्हेस्ट. एमआयटीत १९९० ते २००४. मेकॅनिकल इंजिनिअर, होलोग्राफीवर काम केलेला माणूस, मिशिगन विद्यापीठातून आलेला. त्यांना कधी भेटलो नाही. लांबून पाहिलं आणि वाचलं. त्यांच्या दोन निर्णयांबद्दल सांगतो.

पहिला मोजपट्टीचा. एमआयटीत नॅन्सी हॉपकिन्स नावाच्या जीवशास्त्रज्ञ होत्या. त्यांना प्रयोगासाठी थोडी जास्त जागा हवी होती, मिळेना. त्यांनी रात्री टेप घेऊन इमारतीतल्या लॅब मोजल्या आणि पुरुष सहकाऱ्यांच्या मानाने आपल्याला किती कमी जागा आहे ते आकड्यांत मांडलं. मग बाकीच्या महिला प्राध्यापक एकत्र आल्या, समिती नेमली गेली, आणि १९९९ मध्ये विज्ञान शाखेतल्या महिला प्राध्यापकांच्या स्थितीचा अहवाल बाहेर आला. अशा वेळी विद्यापीठाचे वकील प्रेसिडेंटला काय सल्ला देतात हे मला चांगलं माहीत आहे: काही बोलू नका. व्हेस्ट बोलले. अहवालावर त्यांनी स्वतःच्या सहीने टिपण लिहिलं, त्याचा आशय असा: भेदभाव काहीसा खरा आणि काहीसा वाटण्यापुरता असतो असं मी समजत होतो, आता कळतं की त्यातला खऱ्याचा भाग फारच मोठा आहे. एवढ्या दोन वाक्यांनी इतर विद्यापीठांतल्या डीनना आपापली मोजपट्टी काढावी लागली. आमच्याकडेही लॅबच्या जागेचा तक्ता पहिल्यांदा उघड झाला तो त्यानंतर. त्याआधी ती माहिती एका बाईंच्या कपाटात कुलपात असायची.

दुसरा निर्णय २००१ मधला. सगळ्यांना इंटरनेटवर शिकवण्या विकून श्रीमंत व्हायचे डोहाळे लागले होते. एमआयटीच्या प्राध्यापकांच्या समितीने उलटंच सुचवलं: सगळं अभ्याससाहित्य फुकट टाकून द्या. व्हेस्टनी ते उचललं, देणगीदार संस्थांकडून पैसा आणला आणि ओपनकोर्सवेअर जाहीर केलं. २००७ पर्यंत सुमारे १,८०० अभ्यासक्रमांचं साहित्य खुलं झालं होतं. कल्पना त्यांची नव्हती, हे ध्यानात घ्या. दुसऱ्याची कल्पना ओळखून तिला वेळेवर पैसा आणि नाव देणं, यालाच मी नेतृत्व म्हणतो.

शिक्षणाच्या बाबतीत प्रेसिडेंटचा हात संशोधनापेक्षा लवकर दिसतो. हार्वी मड कॉलेजात मारिया क्लावे २००६ मध्ये प्रेसिडेंट झाल्या. त्या स्वतः गणित आणि संगणकशास्त्रातल्या. तिथल्या विभागाने प्रोग्रॅमिंगचा पहिला अभ्यासक्रम नव्याने बेतला. आधीपासून कोड लिहिणारी मुलं आणि कधीच न लिहिलेली मुलं यांना वेगवेगळ्या वर्गात बसवलं, जावा काढून पायथन आणली, आणि पहिल्या वर्षाच्या मुलींना महिला संगणकतज्ज्ञांच्या ग्रेस हॉपर परिषदेला नेलं. संगणकशास्त्र घेणाऱ्यांत मुलींचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं, ते काही वर्षांत चाळीसवर गेलं. आखणी शिक्षकांची होती. प्रेसिडेंटने पाठबळ दिलं आणि तो विषय देशभर मांडला.

ऑलिन कॉलेज तर कोऱ्या कागदावरच उभं राहिलं. संस्थापक प्रेसिडेंट रिचर्ड मिलर यांनी विभाग ठेवले नाहीत, टेन्युअर ठेवलं नाही, आणि अभ्यासक्रम ठरवायच्या आधी तीस विद्यार्थ्यांना, पंधरा मुलगे आणि पंधरा मुली, वर्षभर हाताशी घेऊन तो त्यांच्यावर करून पाहिला. मला हे फार आवडतं. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर चाळीस हजार विद्यार्थ्यांच्या राज्य विद्यापीठात हे जमत नाही. आमच्याकडे एका विषयाचं क्रेडिट तीनाचं चार करायला चौदा महिने लागले होते.

आता इंजिनिअर प्रेसिडेंटच्या खोडी. त्यांना मोजायची हौस असते. आमच्या तिसऱ्या प्रेसिडेंटनी प्रत्येक प्राध्यापकाचा डॅशबोर्ड केला: ग्रँट किती, पेपर किती, पेटंट किती, दर चौरस फुटामागे संशोधनाचा पैसा किती. शेवटचा आकडा दिसायला शास्त्रीय. परिणाम काय झाला? आमच्याकडे एक जण मोठ्या तुळया तोडून त्यांची ताकद तपासायचे. त्यासाठी गोदामाएवढी जागा लागते आणि त्यात ग्रँट येतात छोट्या. संगणकावर काम करणाऱ्या सहकाऱ्याला एक टेबल पुरतं. डॅशबोर्डवर हे गृहस्थ तळाला. दोन वर्षांत त्यांची निम्मी जागा गेली, तिसऱ्या वर्षी ते दुसऱ्या विद्यापीठात गेले. त्यानंतर राज्याच्या वाहतूक खात्याला जुन्या पुलाची तुळई तपासून हवी होती, आणि आम्हाला ती राज्याबाहेर पाठवा म्हणून सांगावं लागलं. यंत्र नीट लावलं की विद्यापीठ नीट चालेल, असा या मंडळींचा ग्रह असतो.

काळाचा हिशेबही धरा. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीत प्रेसिडेंटांची त्या पदावरची सरासरी ५.९ वर्षं निघाली. २००६ मध्ये ती ८.५ होती. एनएसएफच्या एका इंजिनिअरिंग रिसर्च सेंटरचं आयुष्यच दहा वर्षांचं. म्हणजे ज्याच्या काळात केंद्राची फीत कापली जाते, त्याच्या काळात ते उभं राहिलेलं नसतं. आधीच्या कुणीतरी जागा राखून ठेवलेली असते. कॉम्प्टन अठरा वर्षं होते, स्टर्लिंग एकोणीस, मेरीलँडमध्ये यूएमबीसी या राज्य विद्यापीठाचे फ्रीमन हरबाउस्की तीस. मुंबईत जन्मलेले सुब्रा सुरेश एनएसएफचे संचालक होते, तिथून २०१३ मध्ये कार्नेगी मेलनचे प्रेसिडेंट झाले आणि चार वर्षांत तिथून निघाले. माणूस मोठा असला तरी एवढ्या काळात लावलेल्या झाडाचं फळ दुसऱ्याच्याच खाती जमा होतं.

तर तुमचा भाचा. पीएचडी पाच-सहा वर्षांची. नवा प्रेसिडेंट आज जे पेरेल ते त्याला मिळालं तर शेवटच्या वर्षी मिळेल. त्याने प्रेसिडेंट बघून ठरवू नये, गाइड बघून ठरवावं. त्या प्राध्यापकाकडून गेल्या पाच वर्षांत किती विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले, किती अर्ध्यातून गेले आणि आत्ता कुठे आहेत, हे आजी-माजी विद्यार्थ्यांना फोन करून विचारावं. ईमेलवर कुणी खरं लिहीत नाही. गाइडची चालू ग्रँट कधी संपते आणि ती संपली तर पगार टीचिंग असिस्टंटशिपमधून मिळेल का, हे लेखी घ्यावं. गाइड असिस्टंट प्रोफेसर असेल तर त्याच्या टेन्युअरचा निर्णय कोणत्या वर्षी आहे, हेही न लाजता विचारावं.

दोन्हीकडे सगळं सारखंच निघालं तर कॅम्पस भेटीच्या दिवशी लॅबच्या टूरमध्ये मागे रेंगाळायचं आणि टेक्निशियनला गाठायचं. तुम्ही इथे किती वर्षं आहात, यंत्र बंद पडलं की दुरुस्तीला किती दिवस लागतात, आणि तुमच्याआधी या जागेवर कोण होतं, एवढं विचारायचं. आमच्या त्या क्लीनरूममधल्या दोघांपैकी एक जण अजून तिथेच आहे. ज्यांनी ती जागा मंजूर केली ते प्रेसिडेंट जाऊन अकरा वर्षं झाली.